जळक्या तेलाची वाळू

नाचणेसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बुटाच्या चवड्याने चेंडू बाभळीच्या बुंध्यामागून हळूच मोकळ्यावर घेतला. मग पोट आत ओढून, काठी उगारून असा काही आव आणला, जणू तो चेंडू जन्मापासून तिथंच पडून होता.

आम्ही दोघं पंधरा पावलांवर उभे होतो, मी आणि धोंडीनाना. पण नगरपरिषदेच्या साहेबाला माळी दिसत नाही, आणि माळ्याच्या हाताखालची बाई तर त्याहून दिसत नाही.

"नाना, पायाने सरकवला," मी हळूच म्हटलं.

"बघितलं."

"मग सांगा की त्यांना."

"मी कोण सांगणारा? ह्या खेळात पंच नसतो, हौसा. चुकलं तर ज्याचं त्यानं आपल्या तोंडानं सांगायचं, आणि दंड म्हणून आपल्या नावावर एक मार वाढवून घ्यायचा."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर नाही सांगितलं." नानांनी तळहातावरची तंबाखू झटकली. "तेवढं एकच सोपं आहे ह्या खेळात."

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. निंबखोरीला गोल्फचं मैदान आहे हे सांगितलं की बाहेरगावचे लोक हसतात. हसू देत. रेल्वेच्या वर्कशॉपमधल्या गोऱ्या साहेबांनी नऊ भोकांचं मैदान आखलं, ते गेल्यावर माळ नगरपरिषदेकडे आला, आणि नगरपरिषदेला त्याचं काय करावं ते न कळल्यामुळे तो उद्यान विभागाच्या गळ्यात पडला. उद्यान विभागाकडे तेव्हा तीन बागा, दोन कोरडी कारंजी, स्मशानातली फुलझाडं आणि हे मैदान असा संसार होता. फाटकावरची पाटी मीच रंगवलेली: 'सार्वजनिक गोल्फ मैदान. सर्व नागरिकांसाठी खुले. म्हशी सोडू नयेत.' खेळायला दाताचे डॉक्टर यायचे, एसटी डेपोतला एक फिटर यायचा, हायस्कूलचे दोन मास्तर यायचे. काठ्या भाड्याने मिळायच्या. संध्याकाळी बायका पाय मोकळे करायला यायच्या आणि चेंडू अंगावर आला की मारणाऱ्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करायच्या.

टीव्हीवर दाखवतात तशी हिरवळ आमच्याकडे नव्हती. निंबखोरीत माणसांनाच नळ तिसऱ्या दिवशी, गवताला पाणी कुठून आणणार? म्हणून भोकाभोवती गवताऐवजी वाळू. नदीची बारीक चाळलेली वाळू, तिच्यात गाड्यांचं जळकं ऑइल मुरवायचं, रूळ फिरवायचा आणि मग गोणपाट ओढायचं. त्या काळ्या गोल आळ्याला साहेबलोक ब्राऊन म्हणायचे, म्हणून आम्हीही ब्राऊन म्हणायचो. तेलामुळे वाळू उडत नाही, पावसात वाहून जात नाही, आणि नीट ओढली की चेंडू तिच्यावरून सुतासारखा सरळ जातो.

नीट ओढायची म्हणजे नानांनी ओढायची. तव्यावर धिरडं पसरावं तसं भोकापासून सुरू करून बाहेर बाहेर येत, एकेक वेढा. चपला काठावर काढून. लहानपणी साहेबांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहिल्या, नंतर अडतीस वर्षं गोणपाट ओढलं. त्यांच्या ब्राऊनवर कुणी बूट घासत चाललं की ते काही बोलत नसत, नुसते त्या माणसाच्या पायांकडे बघत राहत. तेवढ्याने डॉक्टरसुद्धा उचलून पावलं टाकायला शिकले होते. नाचणेसाहेब शिकले नव्हते.

मी रोजंदारीवर. अकरा वर्षं. एकोणनव्वद दिवस भरले की नव्वदाव्या दिवशी घरी बसवायचे, म्हणजे सलग नोकरी दिसत नाही. त्याला ब्रेक म्हणत. अकरा वर्षांत मी चव्वेचाळीस वेळा नव्याने कामाला लागले होते, तेच खुरपं घेऊन त्याच जागी. माझा कायम होण्याचा प्रस्ताव उद्यान अधीक्षकांच्या, म्हणजे नाचणेसाहेबांच्या टेबलावर होता. त्यांची एक सही झाली की तो पुढे जाणार होता. घरी नवरा होता, पण तो असून भिंतीवरच्या बंद घड्याळासारखा. काढून टाकवत नाही आणि वेळ काही दाखवत नाही. दोन मुली होत्या. तेव्हा मला जगात एकच गोष्ट हवी होती. ती सही.

शाळेचं तोंड मी पाहिलं नव्हतं. बागेच्या पाट्या रंगवणारा पेंटर खडूने अक्षरं काढायचा, मी त्यात रंग भरायची. तो दुपारनंतर शुद्धीत नसायचा, म्हणून हळूहळू खडूही माझ्या हातात आला. 'फुले तोडू नयेत' हे मी वाचलेलं पहिलं वाक्य. जगातली सगळी वाक्यं मनाईचीच असतात असं मला बरीच वर्षं वाटायचं. पण अक्षर वळणदार झालं, आणि वाचताही येऊ लागलं. ओळीखाली बोट फिरवत, थांबत थांबत, पण येऊ लागलं.

नानांना आकडे कळायचे, अक्षरं नाही. त्यांचे सगळे कागद माझ्याकडे. रेशनचा, दवाखान्याचा, लेकीचं पत्र, ऑफिसची सूचना. कागद पुढे करून म्हणायचे, "वाच, हौसा." आणि वाचून झालं की ठरलेला प्रश्न. "सगळं वाचलंस?" मी हो म्हटलं की मगच कागद खिशात जायचा.

त्या साली उन्हाळ्याच्या तोंडाला ऑफिसात पत्र आलं की राज्यातली सार्वजनिक मैदानं बघणारी एक समिती आहे, तिच्यातर्फे कर्नल बावडेकर नावाचे निवृत्त लष्करी अधिकारी निंबखोरीचं मैदान बघायला येणार. नाचणेसाहेबांच्या अंगात वारं शिरलं. खरं तर ते अंगात यायला निमित्तच शोधत असत. वर्षभरापूर्वी ते सरकारी खर्चाने कुठल्याशा बड्या क्लबचं मैदान बघून आले होते आणि तेव्हापासून आमच्या माळाकडे बघून नाक मुरडत होते. त्यांनी आम्हा सगळ्यांना तिसऱ्या भोकापाशी गोळा केलं.

"हे काय आहे?" त्यांनी काठीने ब्राऊन दाखवला.

"ब्राऊन, साहेब," नाना म्हणाले.

"ब्राऊन! अहो, काळं आहे हे. गॅरेजसारखा वास येतो. कर्नलसाहेब बघून काय म्हणतील? निंबखोरीची इज्जत काय राहील? सगळ्या नऊच्या नऊ ठिकाणी लॉन टाकायची. नर्सरीवाल्याला सांगितलंय मी. गाद्यांसारखी गुंडाळी करून येते. आणली, उलगडली, झालं."

नाना म्हणाले, "साहेब, ह्या वाळूत चाळीस वर्षांचं जळकं ऑइल मुरलंय. इथं हरळीसुद्धा उगवत नाही. लॉन मरेल."

"नाना, टीव्ही बघता का तुम्ही?"

"नाही साहेब."

"मग बघा जरा. जगात सगळीकडे हिरवं असतं." साहेब हसले, म्हणून बाकीचेही हसले. मीही हसले. ते हसू अजून माझ्या तोंडात तुरटीसारखं आहे.

लॉन आली. आम्ही उलगडली. पहिल्या दिवशी मैदान असं दिसलं जसं काही म्हातारीला हिरव्या बांगड्या भरल्यात. नाचणेसाहेबांनी फोटो काढून घेतले, प्रत्येक भोकापाशी एक, हात कमरेवर. चौथ्या दिवशी कडा वाळल्या. सहाव्या दिवशी गाद्या पिवळ्या पडल्या. साहेबांनी आधी पाण्याचा टँकर मागवला, मग खत, मग नर्सरीवाल्याच्या आईचा उद्धार केला. मुळं खाली जायला बघत होती आणि खाली तेल होतं. गवताला जे कळलं ते उद्यान अधीक्षकाला कळत नव्हतं.

कर्नल येण्याच्या दोन दिवस आधी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. एरवी मी दारातून बोलायची. त्या दिवशी खुर्ची दिली.

"हौसाबाई, बसा. तुमचं अक्षर म्हणजे मोती हो, मोती. आमच्या क्लार्कनी तुमच्या पाया पडावं." टेबलावर माझी फाइल होती. वरती माझं नाव, माझ्याच अक्षरात. "अकरा वर्षं झाली ना तुम्हाला? मला वाईट वाटतं. खरंच वाटतं. आज काढलीये बघा फाइल." मग त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "आधी हे एवढं लिहा. मी सांगतो. आणि खाली धोंडीनानांचा अंगठा घेऊन या. म्हातारा तुमचं ऐकतो."

मी लिहिलं. चांगल्या अक्षरात लिहिलं.

नाना सातव्या भोकापाशी वाळलेल्या लॉनच्या कडेला उकिडवे बसले होते, आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे. मी कागद आणि शाईची डबी पुढे केली.

"काय आहे?"

"मागणीअर्ज, नाना. नव्या वाळूचा."

"वाच."

मी कागद दोन्ही हातांनी धरला. "उद्यान अधीक्षकांना विनंती की, ब्राऊन पुन्हा करण्यासाठी नदीची बारीक वाळू मिळावी. खाली तुमचं नाव."

"ऑइलचं घातलंस?"

"घातलंय."

त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अंगठा धोतराला पुसला, शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. ते एवढा वेळ दाबून धरायचे की शाई पाठीमागे उमटायची. "सगळं वाचलंस?"

"सगळं."

दुसऱ्या दिवशी साहेबांना आणखी एक कल्पना सुचली. माणूस एकदा घसरायला लागला की त्याला कल्पना फार सुचतात. बागेचे बाक रंगवून हिरवा डिस्टेंपर उरला होता. तो पातळ करून औषध फवारायच्या पंपात भरला आणि पंप माझ्या पाठीवर दिला. मी नऊच्या नऊ ठिकाणी मेलेल्या गवताला रंग दिला. संध्याकाळी घरी गेले तर धाकटी म्हणाली, "आई, तू पोपट झालीस."

कर्नल बावडेकर सकाळी आले. सत्तरीचे, ताठ, डोक्यावर कापडी टोपी. नाचणेसाहेबांनी हार पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला आणि जीपच्या बॉनेटवर ठेवून दिला. "पाणी मिळेल का?" म्हणाले. पाण्याची व्यवस्था सोडून साहेबांनी सगळी व्यवस्था केली होती. नानांनी आपला तांब्या दिला. कर्नलनी वरून प्यायलं आणि म्हणाले, "चला. ब्राऊन दाखवा."

साहेब खुलले. "सर, ते जुनं झालं. आम्ही सगळं ग्रीन केलंय!"

कर्नल पहिल्या भोकापाशी गेले. बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी खिशातून पांढरा चेंडू काढून खाली टाकला आणि काठीने हलकेच ढकलला. चेंडू दोनदा अडखळला आणि हातभर जाऊन थांबला. त्यांनी तो उचलला. चेंडूचं पोट हिरवं झालं होतं. त्यांचे पांढरे बूटही.

कुणी हसलं नाही. मला हसू फुटत होतं, पण माझी नखं अजून हिरवी होती, म्हणून मी हात पदराखाली घेतले.

कर्नल गुडघ्यावर बसले. काठीच्या टोकाने लॉनची कड उचलली. ती वाळक्या भाकरीसारखी उठून आली. खाली काळी वाळू होती, नानांच्या शेवटच्या वेढ्यांच्या रेघा अजून तशाच. कर्नलनी बोटाने थोडी घेतली, चोळली, वास घेतला.

"जळकं ऑइल," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला. "माझी पहिली नेमणूक वाळवंटात होती. मी ह्याच्यावर शिकलो. आता फार कमी ठिकाणी उरलंय हे. मी तीनशे किलोमीटर जीपने आलोय ते हे बघायला, नाचणे. हिरवळ काय, माझ्या घरासमोर आहे."

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तेलाच्या वाळूवर लॉन टाकायची अक्कल कोणाची?"

मी समजले होते की साहेब चाचपडतील. चाचपडले नाहीत. त्यांनी काखेतल्या फाइलमधून एक कागद असा काढला, जसा जादूगार रुमाल काढतो.

"सर, मी तांत्रिक माणूस नाही. अनुभवी माळ्यांच्या शिफारशीवर चालतो. ही बघा." आणि त्यांनी मोठ्याने वाचलं, "'मी, धोंडिबा रामा म्हस्के, माळी, माझ्या अडतीस वर्षांच्या अनुभवावरून शिफारस करतो की, ब्राऊनवर लॉन लावल्यास ती उत्तम येईल. तसे न झाल्यास जबाबदारी माझी राहील.' तारीख लॉन लावायच्या आधीची आहे, सर. खाली अंगठा."

मी लिहिलेलं शब्दन् शब्द. जबाबदारी ह्या शब्दावरची वेलांटी मी दोनदा गिरवली होती.

"माळ्याला लिहिता येतं?"

"नाही सर, ह्या बाईंनी लिहून घेतलं. अक्षर फार सुंदर आहे."

कर्नल नानांकडे वळले. "बाबा, अंगठा तुमचा?"

"माझाच."

"हे तुम्हाला वाचून दाखवलं होतं? हेच?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. लांब गेलेला चेंडू कुठं पडला ते बघताना माणूस डोळे बारीक करतो, तसं पाहिलं. मला माझी फाइल दिसत होती, नव्वदावा दिवस दिसत होता, धाकटीचा शाळेचा फाटका फ्रॉक दिसत होता. सगळं दिसत होतं. समोर उभा असलेला माणूस तेवढा मी बघत नव्हते.

"होय साहेब," नाना म्हणाले. "हेच वाचलं होतं. माझंच चुकलं. एक मार माझ्या नावावर लिहा."

कर्नल त्यांच्याकडे बघत राहिले. ते शब्द कुठले आहेत हे त्या माळावर आम्हा तिघांनाच कळलं. चौथ्याला, जो रोज खेळायचा, त्याला कळलं नाही. मग कर्नल माझ्याकडे वळले.

"बाई, तुम्हाला काही सांगायचंय?"

पंच नव्हता. ज्याचं त्यानंच सांगायचं होतं.

"नाही साहेब," मी म्हटलं.

नाचणेसाहेबांना मी आयुष्यभर मनातल्या मनात शिव्या दिल्या. तो माणूस पुढे मोठ्या नगरपरिषदेत वरच्या जागेवर गेला, तिथंही त्याने काय काय हिरवं केलं असेल देव जाणे. पण त्याने माझ्यासमोर निदान चेंडूच सरकवला होता.

कर्नलनी लिहून पाठवलं की लॉन काढा आणि ब्राऊन होते तसे करा. लॉन काढली. नानांची बदली झाली, स्मशानातल्या बागेत. निवृत्तीला सात महिने राहिलेल्या माणसाला शिक्षा म्हणून. गोणपाट माझ्या हातात आलं. माझे वेढे वाकडे यायचे, आणि विचारायला कोणी नव्हतं.

तीन महिन्यांनी माझा आदेश आला. साहेबांनी शब्द पाळला होता. असली माणसं असले शब्द पाळतात. ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले आणि चार पेढे कागदात बांधून मी स्मशानाच्या वाटेला लागले. दोनदा परत फिरले.

नाना फाटकापासून सरणाच्या चौथऱ्यापर्यंतच्या वाटेवर नदीची वाळू टाकून गोणपाट ओढत होते. चपला काठावर.

"इथं कशाला ओढता, नाना? कोण बघतंय?"

"खांदेकऱ्यांचा पाय सरळ पडतो." त्यांनी गोणपाट टेकवलं. "आणि इथला माणूस तक्रार करत नाही. बरंय इथं."

मी पेढा दिला. त्यांनी तो अर्धा करून खाल्ला.

"कायम झालीस?"

"झाले."

"आता ब्रेक नाही?"

"नाही."

"बरं झालं." उरलेला अर्धा पेढा त्यांनी तोंडात टाकला, हात झटकले, आणि बंडीच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. "ऑफिसातून आलाय. चार दिवस झाले. वाच."

मी हात पुढे केला नाही. "इथल्या नोंदवहीवाल्याला येतं की वाचता."

"येत असेल. तू वाच."

"नाना, त्या दिवशी मी दुसरंच वाचलं होतं."

"माहीत आहे."

"कर्नलसाहेबांसमोर कळलं ना तुम्हाला?"

"नाही गं." ते चौथऱ्याच्या पायरीवर बसले. "तू वाचतेस तेव्हा ओळीखाली बोट फिरवतेस. त्या दिवशी कागद दोन्ही हातांनी धरला होतास. बोट हललंच नाही."

मला विचारायचं होतं ते मी विचारलं. "मग अंगठा का दिलात?"

"मला सात महिने राहिले होते. तुला सगळंच राहिलं होतं." ते सरळ म्हणाले, अंतर मोजून काठी निवडावी तसे. मग म्हणाले, "पण वाईट वाटलं, हौसा. फार वाटलं. ते नाही म्हणत नाही मी."

मी पायरीवर त्यांच्याशेजारी बसले. कागद मांडीवर पसरला. सेवानिवृत्तीची सूचना होती. मी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. निंबखोरी नगरपरिषद, उद्यान विभाग. जावक क्रमांक. तारीख. विषय. संदर्भ. त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. सेवेचा कालावधी. शेवटचा दिवस. सरकारी सामान परत करण्याबाबत, म्हणजे एक गोणपाट, एक चाळण, एक रूळ. नाचणेसाहेबांची सही, जी कुणालाच वाचता येत नाही, तीही मी 'सही आहे' म्हणून वाचली. प्रत माहितीसाठी, आस्थापना शाखा. 'सूचना मिळाली', आणि त्यापुढे सही किंवा अंगठ्यासाठी रिकामी जागा. कागद छापणाऱ्याचं नाव तळाला बारीक अक्षरात होतं, तेसुद्धा वाचलं. एकेका अक्षराखालून बोट नेलं.

"सगळं वाचलंस?"

"सगळं."

नानांनी अंगठा धोतराला पुसला आणि माझ्यापुढे धरला.

"मग शाई आण."